समुद्राच्या आवाजाबद्दल तक्रार

मंगळवार, ४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो, की आज सकाळी माझ्या खुर्चीवर एक टॉवेल आढळला. टॉवेलाखाली कोणी नव्हतं, टॉवेलावर कोणी नव्हतं, आसपास कोणी नव्हतं. नुसता पिवळा टॉवेल, चारी कोपरे ताणून पसरलेला, जिंकलेल्या मुलखात झेंडा रोवून सैन्यानं पुढे कूच करावं तसा. मी त्याच्यासमोर तासभर उभा राहिलो. शेवटी एक गृहस्थ पोटभर नाश्ता करून, दात कोरत आले आणि मलाच म्हणाले, "जरा बाजूला होता का? ऊन अडतंय."

ज्या माणसानं सव्वीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत अख्ख्या गावाच्या तक्रारी ऐकून घेतल्या, त्याच्यावर ही वेळ यावी!

बाकी हॉटेल झकास आहे. 'सगळं धरून' आहे. आल्याबरोबर मनगटाला निळा पट्टा बांधतात. तो अंघोळीत काढायचा नाही, झोपेत काढायचा नाही. घरी जाताना ते लोकच कात्रीनं कापतात. पट्टा दाखवला की खायला, प्यायला, नाचायला, अंग रगडून घ्यायला सगळं मिळतं. त्यामुळे इथे कोणी भूक लागली म्हणून जेवत नाही, पैसे भरलेत म्हणून जेवतो. हीसुद्धा पहिल्या दिवशी माझ्या ताटात डोकावून म्हणाली, "एवढंच? मग लग्नाची पंचविशी घरीच साजरी करायची होती." तेव्हापासून मी कर्तव्यबुद्धीनं पाच वेळा जेवतो. काल केकचा चौथा तुकडा तोंडात असताना आप्पांची आठवण आली आणि डोळे भरून आले. किंवा केक घशात अडकला असेल.

फोन नाहीत. आम्ही घेतली ती 'मनःशांती योजना'. त्यात फोन पहिल्याच दिवशी कापडी पिशवीत घालून, पिशवीचं तोंड शिवून, कपाटात टाकतात. म्हणून हे पत्र. हॉटेलची गाडी रोज टपाल नेते-आणते.

समुद्र आहे. पोहायच्या तलावाच्या मागे. सगळ्या खुर्च्यांची तोंडं तलावाकडे आणि पाठी समुद्राकडे. तलावातही कोणी उतरत नाही, कारण उतरलं की खुर्ची जाते.

आम्ही सोळाला, रविवारी संध्याकाळी घरी पोचतो. आप्पांना सांग.

तुझा,
बारक्या

ता. क. मी व्यवस्थापनाला लेखी तक्रार दिली आहे. खोलीच्या दारामागे एक कार्ड आहे: 'आपली तक्रार चोवीस तासांत दूर न झाल्यास एक रात्र आमच्याकडून भेट.' आमच्या कचेरीत हे वाक्य कोणी लिहिलं असतं, तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.


गुरुवार, ६ मार्च

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

टॉवेलाची हकिकत आप्पांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "तासभर उभा राहिला? इथे दूध आणायला सांगितलं की गुडघे धरतात त्याचे."

आप्पा बरे आहेत. म्हणजे सकाळचा चहा गार होता, दुपारचा गोड होता आणि संध्याकाळी चहा दिलाच नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. दिलेला होता. कप अजून उशाशी आहे.

तू जायच्या आधी त्यांची नखं कापणार होतास. "आल्यावर बघू" म्हणून गेलास. ते माझ्याकडून कापून घेत नाहीत. म्हणतात, "तू गणिताची बाई, बरोब्बर कापतेस, मांसासकट. बारक्याचा हात हलका आहे." आता झोपेत गाल ओरबाडून घेतात. काल मी त्यांच्या हातात पायमोजे चढवले. "मी काय चोर आहे?" असं विचारत होते.

आता एक सरळ गोष्ट सांगते. सतराला, सोमवारी, सकाळच्या बसनं मला जायचंय. समुद्रात पोहायला. आधी हसून घे, मग पुढे वाच.

गेली दोन वर्षं मी रोज सकाळी 'भाजीला जाते' म्हणून जाते ती नगरपालिकेच्या तलावावर. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी आम्हा आठ जणींना तयार केलंय, सगळ्या पंचावन्नच्या पुढच्या. अठराला आम्ही समुद्रात उतरणार, एका खडकापर्यंत जाणार आणि परत येणार. बक्षीस वगैरे काही नाही. मी समुद्र अजून पाहिलेला नाही हे तुला ठाऊकच आहे. दर वेळी घरी कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी मीच असते.

शेजारच्या काकू दुपारी बसतील आप्पांजवळ, पण रात्री त्यांना उठवून बसवणं काकूंना जमायचं नाही. म्हणून तू सोळाला ये. एवढंच.

ताई


शनिवार, ८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

वा ताई, वा! आपल्या घराण्यात एकापेक्षा एक खवचट माणसं होऊन गेली, पण तू सगळ्यांना मागे टाकलंस. बारक्या समुद्रकाठी जाऊन समुद्राकडे पाठ करून बसलाय, हे तुला एका ओळीत म्हणता आलं असतं. पण त्यासाठी तू तलाव बांधलास, शिकवणाऱ्या बाई नेमल्यास, आठ म्हाताऱ्या पाण्यात उतरवल्यास आणि खडकसुद्धा आणून ठेवलास! मी पत्र रात्रीच्या जेवणात सगळ्या टेबलाला वाचून दाखवलं. टॉवेलवाले गृहस्थ (आता आमची मैत्री झाली आहे) इतके हसले, की त्यांच्या नाकातून सूप आलं.

ही मात्र हसली नाही. म्हणाली, "वन्सं खरंच जात असतील."

मी म्हटलं, "ताईला मी जन्मापासून ओळखतो."

"तुमच्या जन्मापासून," ही म्हणाली. "त्यांच्या नाही."

असो. आपल्या घरात सरळ बोलायची पद्धत नाही, हे हिला पंचवीस वर्षांत कळलेलं नाही. माझ्या लग्नात आप्पांनी आशीर्वाद दिला तोसुद्धा "बघू किती टिकतं" असा.

आता आनंदाची बातमी. खुर्चीची तक्रार मी जिंकलो! इथल्या मॅनेजरबाई नेहमी हसतात, दात दुखत असले तरी हसत असतील. त्यांनी खुर्चीवर माझ्या नावाची पाटी लावली. दुसऱ्या दिवशी पाटीवर टॉवेल होता. चोवीस तास उलटले आणि एक रात्र भेट मिळाली. तेव्हा आम्ही आता सोळाऐवजी सतराला येऊ. एक दिवसानं काय होतंय? आप्पांना सांग, नखं वाढली तर माणूस मरत नाही. आणि तू तुझ्या खडकाला निरोप पाठव, जागेवरच थांब म्हणावं.

तुझा,
बारक्या


सोमवार, १० मार्च

चि. बारक्यास,

तो टोमणा नव्हता.

तुझं पत्र वाचून हॉटेलच्या काउंटरला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, मनःशांतीच्या पाहुण्यांना फोनवर बोलवत नाहीत, जिवावरचं असेल तरच. "जिवावरचं आहे का, मॅडम?" मी म्हटलं, नाही. तिनं फार गोड आवाजात फोन ठेवला. खोटं बोलता आलं असतं. सुचलं नाही.

आमच्या गटात एक नववी बाई आहे. आठांतलं कोणी गळलं तर ती जाणार. ती रोज मला विचारते, "तुमचं नक्की ना?" फार प्रेमानं विचारते.

आप्पांना पोहण्याचं सांगितलं. त्यांनी आधी मला उशी सरळ करायला लावली. मग म्हणाले, "बुडू नकोस. इथे स्वयंपाक कोण करणार?"

सोळाला ये.

ताई


बुधवार, १२ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं छोटं पत्र मिळालं. मानलं तुला! पहिल्या पत्रात नुसता तिखटपणा होता, आता त्यात कारुण्यही घातलंस. नववी बाई तर लाजवाब! टॉवेलवाल्यांना ती इतकी आवडली, की रोज सकाळी ते मला विचारतात, "नववीची काय खबर?"

इकडे माझी भरभराट चालू आहे. कार्डावरचं ते वाक्य म्हणजे खाण आहे, ताई, नुसती खणायचा अवकाश! सव्वीस वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसलो. कोणती तक्रार चोवीस तासांत सुटते आणि कोणती जन्मात सुटत नाही, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? तेव्हा मी पुढची तक्रार केली ती अशी: 'खोली क्रमांक अमुकमध्ये रात्रभर समुद्राचा आवाज येतो. तो त्वरित बंद करावा, अथवा कमी करावा.'

मॅनेजरबाई हसल्या. मग वाचता वाचता हसू तसंच राहिलं आणि डोळे गंभीर झाले. त्यांनी कानात घालायला कापसाचे बोळे पाठवले. मी ते सही करून परत केले. म्हटलं, तक्रार समुद्राची आहे, कानांची नाही. त्यांनी मागच्या बाजूची खोली देऊ केली. मी म्हटलं, तिथून समुद्र दिसत नाही. चोवीस तास उलटले. समुद्र चालूच होता. एक रात्र मिळाली.

तिसरी तक्रार: सकाळी सूर्य विचारल्याशिवाय खोलीत येतो. चौथी: मॅनेजरबाई तक्रार घेताना हसतात, त्यामुळे तक्रारदाराचं गांभीर्य कमी होतं. ही चौथी त्यांनी मनापासून सोडवायचा प्रयत्न केला. दिवसभर तोंड मिटून फिरल्या. संध्याकाळी एका पाहुण्याचं मूल त्यांना बघून रडायला लागलं आणि त्यांचा इलाज खुंटला. चार रात्री, ताई!

आता माझ्याकडे रांग लागते. एकाच्या ऑम्लेटाचा आकार चुकलाय, एकीला लिफ्टमधला आरसा जाड दाखवतो. मी सगळ्यांना मसुदे लिहून देतो. माझ्या खुर्चीवर आता कोणी टॉवेल टाकत नाही. उलट मी आलो की दोघं जण उठून झटकून देतात. उभ्या आयुष्यात इतका मान मिळाला नव्हता. मग असं सोडून कसं येऊ?

आम्ही वीसला, गुरुवारी येतो. तोवर तू बादलीत पोहून घे.

तुझा,
बारक्या


बुधवार, १२ मार्च

ती. वन्संना, सा. न.

ह्यांच्या पाकिटाबरोबर हे दुसरं पाकीट टाकते आहे. ह्यांना माहीत नाही.

मला दोन वर्षांपासून माहीत आहे. तुम्ही भाजी आणता तेव्हा फ्लॉवरखाली ओला टॉवेल असतो. आणि भाजीवाल्याकडून कोणी ओल्या केसांनी परत येत नाही. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं, मग ते घरभर झालं असतं, आणि मग कोणीतरी काहीतरी बोललं असतं. आपल्या घरी बोलतातच.

ह्यांना मी तीनदा सांगितलं. पटत नाही. सरळ बोललेलं ह्यांच्या कानात शिरतच नाही. ह्यांना एकच गोष्ट खरी वाटते, ती म्हणजे अर्ज. विषय, संदर्भ, महोदय, खाली सही. तसं लिहा. शनिवारच्या टपालात पाहिजे.

मी काल समुद्रात गुडघ्यापर्यंत गेले होते. पायाखालची वाळू निघून जाते, माणूस आहे तिथेच उभा राहतो. मला भीती वाटली. तुम्ही कशा जाणार?

तुमची वहिनी


शुक्रवार, १४ मार्च

प्रति,
मा. तक्रार-लेखक,
आरामखुर्ची विभाग.

विषय: घरातील भावाचा पुरवठा दि. १ मार्चपासून खंडित असल्याबाबत.

संदर्भ: अर्जदाराची दि. ६ व दि. १० ची पत्रे (जी आपल्या कार्यालयाने जेवणाच्या टेबलावर निकालात काढली).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार ही वय वर्षे अठ्ठावन्न, सेवानिवृत्त शिक्षिका असून वडिलांची कायमस्वरूपी देखभाल करते. अर्जदाराने यापूर्वी आपल्या कार्यालयाकडे कोणतीही तक्रार केलेली नाही. त्यामुळे अर्जदारास तक्रार नाही, असा आपल्या कार्यालयाचा समज झालेला दिसतो.

अर्जदारास सोमवार दि. १७ रोजी समुद्रात पोहण्यासाठी जावयाचे आहे. हा विनोद नाही. हा टोमणा नाही. पोहण्याचा पोशाख निळा असून तो दोरीवर वाळत घातलेला आहे. ज्यास शंका असेल त्याने येऊन पाहावा.

अर्जदार उद्या आपले नाव पक्के कळविणार आहे. सदर भाऊ रविवार दि. १६ रोजी सायंकाळी पूर्ववत न झाल्यास, अर्जदाराची जागा नवव्या बाईंस जाईल, आणि पुढील वर्षी अर्जदारास इतका दम राहील की नाही, हे सांगता येत नाही.

मुदत: चोवीस तास.

भरपाई: नको. रात्री अर्जदारास मुबलक मिळतात. त्या वडिलांच्या खोलीत जमिनीवर चटई टाकून काढल्या जातात.

सोबत: वडिलांच्या उजव्या गालावरील ओरखडा (प्रत्यक्ष पाहावा).

आपली विश्वासू,
(सही)
बहीण


बुधवार, १९ मार्च

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

तुझ्याच हॉटेलच्या कागदावर लिहिते आहे. माझ्या मनगटालाही निळा पट्टा आहे. घट्ट बसलाय.

रविवारी संध्याकाळी तू दारात उभा राहिलास, बॅग खाली ठेवलीस आणि म्हणालास, "बस किती वाजता आहे?" मी म्हटलं, "सहाला." आणि पिशवी भरायला घेतली. मला वाटलं तू एकटा आलास म्हणजे भांडून आलास. सोमवारी तुझ्या बायकोचा निरोप मिळाला, की ती मंगळवारी किनाऱ्यावर येतेय आणि तुझ्या भेट मिळालेल्या रात्रींतल्या उरलेल्या माझ्या आहेत.

तिच्याकडून बाकीचं कळलं. तू अर्ज खुर्चीवर बसून वाचलास. मग उठून उभं राहून परत वाचलास. तू उठलास तसा कोणीतरी खुर्चीवर टॉवेल टाकला आणि तुझं लक्षसुद्धा गेलं नाही. टॉवेलवाल्यांनी विचारलं, "नववीची काय खबर?" तर तू म्हणालास, "ती नववी आणि माझी बहीण आठवी." पट्टा कापायला मॅनेजरबाई स्वतः कात्री घेऊन आल्या, बॅगही त्यांनीच गाडीपर्यंत नेली. त्या दिवशीचं त्यांचं हसू खरं होतं म्हणे.

आता समुद्राचं. पाणी खारट असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण तोंडात गेल्याशिवाय कळत नाही. तलावात भिंत असते, काठ असतो, दम लागला की धरता येतं. इथे धरायला काहीच नाही. लाट वर उचलते तेव्हा खडक दिसतो, खाली ठेवते तेव्हा नुसतं पाणी. अर्ध्या वाटेत वाटलं, परत फिरावं. पण परतीची वाटही तेवढीच होती. मग गेले. खडकाला हात लावला. बुळबुळीत आहे. बाकी काही नाही तिथे. एक पक्षी बसला होता, तो माझ्याकडे बघून उडाला.

आठांत सातवी आले. आठव्या बाईंना मध्येच होडीत घेतलं, तेव्हा शेवटची म्हणालास तरी चालेल. किनाऱ्यावर तुझी बायको कंबरेइतक्या पाण्यात उभी होती, साडीसकट. "भीती वाटली नाही का गं?" विचारलं, तर म्हणाली, "तुम्हाला बघताना विसरले."

आम्ही उद्या निघणार होतो. पण तिनं काल काउंटरवर तक्रार दिली: 'मुक्काम लवकर संपतो.' चोवीस तासांत त्यांना उपाय सापडला नाही. आज तिनं तीच तक्रार पुन्हा दिली आहे. पंचवीस वर्षांत ती तुझ्याकडून काहीच शिकली नाही असं मला उगीच वाटायचं.

इथे रात्री समुद्राचा आवाज येतो. मी खिडकी उघडी ठेवते. खुर्च्यांचं तू विचारशील. मी अजून बसलेले नाही.

सरळ लिहिते आहे, तसंच वाच. तू आलास, बरं झालं.

ताई


शुक्रवार, २१ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. सरळ वाचलं. एकदा सवयीनं तिरकं वाचून पाहिलं, पण काही हाती लागलं नाही.

येथील व्यवस्थापनाबद्दल माझ्या पुष्कळ तक्रारी आहेत. इथेही पाच वेळा खाणं असतं, फक्त ते मला करावं लागतं. पाहुणा एकच आहे, पण तो सगळ्या हॉटेलाला पुरून उरेल. चहा गार आहे. गरम केला तर जीभ पोळली. उशी उंच आहे. काढली तर मान खाली गेली. मी म्हटलं, "आप्पा, लेखी द्या." ते म्हणाले, "तुझी बहीण न सांगता करते." इथे तक्रार चोवीस तासांत दूर झाली नाही, तर दुसरी तक्रार भेट मिळते.

तुझी चटई फार पातळ आहे. त्या खोलीत एवढी वर्षं गादी का घातली नाही, असं विचारणार होतो. मग आठवलं की वरच्या मजल्यावर आमच्याकडे दोन गाद्या जास्तीच्या आहेत. एक खाली आणून टाकली आहे. ती आता तिथेच राहील आणि एक आड एक रात्री तिच्यावर मी झोपेन. हे आप्पांशी बोलून ठरलं आहे. त्यांनी "घोरत जाऊ नकोस" एवढीच अट घातली.

काल काकू विचारत होत्या, ताई कुठे गेली. मी म्हटलं, समुद्रात पोहायला. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "तुमच्या घरातलं कोणी धड उत्तर देत नाही."

तुझं पत्र आज दुपारी आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपले. म्हणाले, "सातवी?"

"हो."

"आठांत?"

"हो."

मी वाट बघत बसलो, आता काय ठेवणीतलं येतंय म्हणून. ते म्हणाले, "पण खडकाला हात लावला ना?"

"लावला म्हणते."

"मग ती खोटं नाही सांगायची," आप्पा म्हणाले. थोड्या वेळानं दातांनी धरून हातातला मोजा स्वतःच ओढून काढला आणि हात माझ्यापुढे केला.

रविवारी निवांत ये. आणखी रात्री मिळाल्या तर त्याही घे, इथे काही अडलेलं नाही.

नखं कडक झाली होती, म्हणून वाटीत कोमट पाणी घेऊन आधी भिजवली. खाट खिडकीशी सरकवली, उजेड चांगला होता. अंगठ्यापासून सुरुवात केली, करंगळी शेवटी, मग दुसरा हात, मग पाय. कुठे लागलं नाही. मोजे धुऊन दोरीवर वाळत घातले आहेत.

तुझा,
बारक्या